हरळीवरचा विश्वचषक

शेतकऱ्याच्या घरात हरळीचं नाव कुणी मायेनं घेत नाही. उसाच्या सरीत ती एकदा शिरली की खुरपून भागत नाही आणि नांगरूनही भागत नाही. वरून कापली तर जमिनीतल्या काशांना पुन्हा फूट येते. नांगरटीनंतर ढेकळं फोडून काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या, यात माझ्या वडिलांचे कितीतरी उन्हाळे गेले. कृषी महाविद्यालयात आम्ही ती तणांच्या धड्यात शिकलो. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही त्याच. आणि २०१७च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, तेव्हा मैदानांवर ‘बर्म्युडा’ म्हणून जे गवत वाढवलं होतं, तेही याच जातकुळीतलं. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरचं कृत्रिम गवत काढून टाकून तिथं मुद्दाम हे लावलं गेलं.

मी गवताचं काम करतो. घरची शेती कराडकडची, पदवी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयाची. बरोबरीचे मित्र बियाण्यांच्या आणि खतांच्या कंपन्यांत गेले, काही स्पर्धा परीक्षांना बसले. मी मैदानांच्या कामाला लागलो आणि त्यातच रमलो. विश्वचषकाच्या वेळी नवी मुंबईतल्या एका सराव मैदानाची देखभाल माझ्याकडे होती. सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. पण सामना असतो नव्वद मिनिटांचा, आणि तोही तीन-चार दिवसांतून एकदा. मधले दिवस सगळे संघ आमच्यासारख्या मैदानांवर असत. त्यामुळे २००० सालच्या १ जानेवारीनंतर जन्मलेली ही देशोदेशीची मुलं मला टीव्हीवर दिसली त्याहून जास्त हातभर अंतरावरून दिसली.

मैदान हाती आलं त्या वेळची त्याची अवस्था आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. वर्षानुवर्षं तिथं क्रिकेट, फुटबॉल, गरबा, लग्नं, सभा, फटाक्यांचे स्टॉल असं सगळं होत आलेलं. वरचा थर खरवडायला घेतला तसं जमिनीच्या पोटातलं बाहेर यायला लागलं. मांडवाचे खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, काचा, फुटक्या बांगड्या, एका जागी तर मांडवाची अख्खी लोखंडी मेख. आम्ही एका जाड लोखंडी पट्टीला ओळीनं लोहचुंबक बसवून घेतले, दोन्ही टोकांना दोर बांधले आणि दोन माणसांनी ती मैदानभर ओढत न्यायची असं ठरवलं. थोडं अंतर गेलं की थांबायचं, पट्टी उलटी करायची, चिकटलेले खिळे हातमोज्यानं खाली झाडून बादलीत टाकायचे, पुन्हा पुढं. उभं झालं की आडवं, आडवं झालं की तिरकं. काचेला चुंबकाचा उपयोग नाही. काच डोळ्यांनीच शोधावी लागते, तीही सकाळी कोवळ्या उन्हात, म्हणजे ती चमकते. कामावर जालन्याकडच्या बायका होत्या. त्यांतल्या एक मावशी खिळा बादलीत टाकताना दर वेळी म्हणत, “कुनाच्या तरी लेकराचा गुडघा वाचला.”

याच मावशींनी पुढं गवत धरायला लागल्यावर मला विचारलं होतं, “सायेब, जल्मभर हरळी उपटत आले, आन् आता तुमी तिला पानी घालाया सांगताय?” मी त्यांना समजावलं की शेतात जो हिचा दुर्गुण, तोच इथं गुण. बुटाच्या खिळ्यांनी ती फाटते, तुडवली जाते, आणि जमिनीखालच्या काशांतून, वरच्या धुमाऱ्यांतून पुन्हा जखम भरून काढते. दुसरं कुठलंही नाजूक गवत एवढा मार खाऊन उभं राहणार नाही. मावशींना ते एकदम पटलं. हरळी मरत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

अशा मैदानाची रचना थोडक्यात अशी असते. तळाशी खडी, खडीत छिद्रं पाडलेले पाइप, त्यावर वाळूचा जाड थर, वाळूत थोडंसं सेंद्रिय खत. माती जवळजवळ नाहीच. वाळू पाणी धरून ठेवत नाही म्हणून पाऊस पडला की झिरपून जातो, आणि धरून ठेवत नाही म्हणूनच ऑक्टोबरच्या उन्हात दिवसातून परत परत पाणी द्यावं लागतं. गवताची उंची साधारण २५ मिलिमीटर राखायची. पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी कापायचं नाही, नाहीतर मुळांना झटका बसतो. संघ यायच्या आधी हलकं पाणी मारायचं, म्हणजे चेंडू जमिनीलगत सरकतो, अडत नाही.

पावसाळ्यानं त्या वर्षी आमची परीक्षा पाहिली. २५ ऑगस्टला गणपती बसले आणि २९ तारखेला मुंबई बुडाली. सांताक्रूझला चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. नवी मुंबईतल्या कितीतरी सेक्टरांची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर सिडकोनं जागोजाग धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी असा पाऊस आला की पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. आमचे पाइप चांगले होते, पण पाइपांनी पाणी टाकायचं कुठं? बाहेरचं गटारच तुडुंब. त्या रात्री आम्ही पंप लावून बसलो. ओहोटी लागली तसं पाणी उतरलं, सकाळी गवत एका दिशेला विंचरल्यासारखं झोपलेलं होतं आणि त्यावर गाळाचा पातळ थर. हा गाळ पावसापेक्षा वाईट. तो वाळूच्या फटींत बसला की पुढचं पाणी झिरपतच नाही. दिवसभर पाइपनं हळूहळू धुवून तो कडेला आणला. २० सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा तसाच पाऊस आला, पुन्हा तेच काम. मध्ये लष्करी अळी येऊन गेली, दमट हवेनं बुरशीचे डाग पडले. स्पर्धा ६ ऑक्टोबरला सुरू व्हायची होती आणि गवताला तारखा कळत नाहीत.

मग मुलं आली. ब गटातले तुर्कस्तान, न्यूझीलंड, पॅराग्वे आणि माली हे संघ नवी मुंबईत होते. मैदानावर पाऊल टाकलं की पहिली दोन-तीन मिनिटं त्यांचं लक्ष चेंडूकडं नसे. टाच रुतवून बघत. वाकून तळहात फिरवत. कुणी चेंडू छातीच्या उंचीवरून सोडून तो किती उसळतो ते पाही, कुणी गोलसमोरची जागा बुटाच्या टोकानं चाचपी. सतरा वर्षांची मुलं, पण जमिनीची पारख जुन्या शेतकऱ्याची. प्रशिक्षकही तसेच. एका संघाच्या प्रशिक्षकांनी येताच खुणेनं विचारलं, पाणी कधी मारलं? मी घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पाच मिनिटांनी सराव सुरू केला.

त्या सरावात मी जे पाहिलं, त्यानं माझ्या कामाकडं पाहण्याची माझी नजर बदलली. एक मुलगा उजव्या बगलेला उभा. चाळीसेक मीटरवरून त्याच्याकडं उंच चेंडू आला. त्यानं एकदा वर पाहिलं, पाय जरा मागं घेतला, आणि चेंडू पायाच्या आतल्या बाजूला लागून जागीच पडला. ही करामत टीव्हीवर रोज दिसते. पण जवळून पाहिल्यावर वेगळंच काहीतरी दिसलं. चेंडू पायाशी येत असताना त्या मुलाची नजर चेंडूवर नव्हतीच. त्याची मान आधीच फिरली होती, मधल्या फळीत कोण मोकळं आहे ते तो बघत होता. पुढचा पास चेंडू थांबायच्या आत ठरलेला होता. मी मग मुद्दाम इतरांकडं पाहू लागलो. सगळे तसेच. शेवटच्या क्षणी नजर वर.

कारण जमिनीवर त्यांचा भरवसा होता. चेंडू शेवटच्या हातभर अंतरात दगडावर आपटून उडणार नाही, खड्ड्यात अडणार नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आपलं मूल ज्या जमिनीवर वाढतं तिथं हा भरवसा त्याला परवडतच नाही. खडबडीत, उतरत्या, खिळ्याकाचांच्या जागेवर चेंडू पायाला लागेपर्यंत त्याच्याकडं टक लावून बघावं लागतं. नजर खाली अडकते. नजर खाली म्हणजे मैदान दिसत नाही, आणि मैदान दिसत नाही म्हणून चेंडू आला की लांब फटकावून द्यायचा आणि त्याच्या मागं धावायचं. आमच्या मुलांना दम नाही, ताकद नाही, उंची नाही असं आपण म्हणत आलो. माझं मत असं की सहाव्या-सातव्या वर्षापासून त्यांची मान वर करायची सोय आपण केलेली नाही.

भारताचे सामने दिल्लीत होते. आम्ही ते अवजारांच्या शेडमध्ये, मोवर आणि खताच्या गोण्यांच्या मधे बसून एका मोबाइलवर पाहिले. अमेरिकेविरुद्ध ०-३. कोलंबियाविरुद्ध राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला तेव्हा शेडमधली सगळी माणसं उठून उभी राहिली. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. झारखंडचा आमचा एक कामगार रडत होता. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला आणि सामना १-२ गेला. घानाविरुद्ध ०-४. त्या मुलांनी जीव तोडून खेळ केला. गोलरक्षक धीरज सिंगनं कितीतरी हमखास गोल अडवले. हरल्याबद्दल त्यांना कुणी बोल लावला की मला आजही राग येतो. तीन-चार वर्षं त्यांना उत्तम मैदानं, परदेश दौरे, प्रशिक्षक सगळं मिळालं. पण पायाची आणि नजरेची सवय लागते ती त्याच्या कितीतरी आधी.

याला आपल्याच संघात पुरावा होता. एकवीस मुलांपैकी आठ मणिपूरची. एवढंसं राज्य, पण तिथं वस्तीवस्तीत क्लब आहेत आणि संध्याकाळी पोरांना खेळायला जागा आहे. आपल्या महाराष्ट्रातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही संघात होता. कोल्हापूरचा मुलगा या संघात असावा यात मला नवल वाटलं नाही. शिकत असताना मी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने पाहिलेत. पेठेची पेठ लोटते. आजोबा, नातू आणि घरातल्या बायकासुद्धा कोण कुठं चुकला ते सांगतात. एवढं वेड असलेल्या गावातही लहान पोरं खेळतात ती गल्लीत, देवळासमोरच्या फरशीवर, नाहीतर पावसाळ्यात तळं होणाऱ्या गांधी मैदानावर. त्यातून एखादा अनिकेत वर येतो. तिथं सपाट आणि कोरडी अशी आणखी चार मैदानं असती तर किती आले असते, हा हिशेब मला सुटत नाही.

स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम केला. शाळाशाळांना फुटबॉल वाटले. माझ्या गावच्या शाळेतही आले. कल्पना चांगली होती आणि मुलांच्या तोंडावरचा आनंद खरा होता, त्याला मी कमी लेखत नाही. पण चेंडू वाटणं एका दिवसाचं काम आहे. जागा राखणं हे रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामाचा फोटो निघत नाही.

दिवाळी त्या वर्षी स्पर्धेच्या मधोमध आली. १८ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी, आणि त्याच दिवशी आमच्या नवी मुंबईत घाना आणि नायजर यांचा बाद फेरीचा सामना. घानानं २-० जिंकला. आमची माणसं पहाटे अभ्यंगस्नान करून, डब्यात चकल्या-करंज्या घेऊन कामावर हजर होती.

बाद फेरीच्या सुमारास आमच्या धंद्यातल्या माणसांच्या काळजात धस्स करणारी बातमी आली. गुवाहाटीत २१ तारखेला माली आणि घाना यांचा उपांत्यपूर्व सामना धो धो पावसात झाला आणि मैदानाची चाळण झाली. इंग्लंड-ब्राझील उपांत्य सामना २५ तारखेला तिथंच व्हायचा होता. तो कोलकात्याला हलवायचा निर्णय दोन दिवस आधी झाला. गुवाहाटीच्या प्रेक्षकांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली असणार. त्या मैदानावर राबलेल्या माणसांना मी ओळखत नाही, पण त्या रात्री ते कसे बसले असतील ते मला ठाऊक आहे. पाऊस कुणाच्या हातात नसतो. ओल्या मैदानावर एक सामना खेळला की नुसतं गवत फाटत नाही, खालची वाळू सरकते, मुळं उघडी पडतात. आणि मुळांना पुन्हा पकड घ्यायला आठवडे लागतात, चार दिवस नव्हे.

त्या चिखलातून २-१ असा सामना जिंकून मालीची मुलं पुन्हा नवी मुंबईत आली. उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर स्पेन. सामन्याआधीच्या एका संध्याकाळी सराव संपला, बाकीचे बसकडं निघाले, आणि मालीचे चार-पाच जण मागं राहिले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चेंडू खेळायला लागले. एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर, चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. मी कडेला उभा होतो. त्यांतल्या एकानं पाय वर करून मला तळवा दाखवला, जाड झालेला, टाचेला भेगा पडलेल्या. मग गवताकडं बोट करून अंगठा दाखवला. भाषा नव्हतीच आमच्यात. मी हात जोडले.

त्यांच्या बामाको शहरातल्या एका नावाजलेल्या अकादमीत लहान मुलांना बराच काळ अनवाणीच शिकवतात, म्हणजे चेंडूची ओळख पायाच्या कातड्याला होते, हे मी आधी वाचलेलं होतं. त्या संध्याकाळी ते वाचलेलं मला नव्यानं कळलं. कारण तोवर माझा समज असा की सगळं गवतावर अवलंबून आहे. युरोपातल्या पोरांना हिरवळ मिळते, म्हणून ती पुढं. पण ही पोरं हिरवळीवर वाढली नव्हती. तांबड्या मातीवर वाढली होती, आपल्यासारखीच. फरक एवढाच की ती माती त्यांना रोज मिळत होती, आणि त्या मातीवर पोरगं अनवाणी धावू शकत होतं. आमच्या मैदानातून आम्ही बादल्या भरभरून जे काढलं, ते निघायच्या आधी तिथं कुणाच्या आईनं आपलं मूल अनवाणी सोडलं असतं का? गवत नसलं तरी चालतं. सपाटी हवी, मोकळीक हवी आणि खिळा नको.

२५ ऑक्टोबरला मी स्टेडियमवर गेलो. स्पेनकडून आबेल रुईझनं पहिल्या सत्रात दोन गोल केले. दुसऱ्या सत्रात मालीच्या एका मुलानं लांबून जबरदस्त फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. पंचांनी गोल दिला नाही. या स्पर्धेत कॅमेऱ्यातून पडताळणी नव्हती. नंतर फेरान तोरेसनं स्पेनचा तिसरा गोल केला, शेवटी मालीनं एक फेडला, ३-१. तो गोल दिला असता तर २-१ झालं असतं आणि पुढं काय घडलं असतं कोण सांगणार. मला लागून राहिलं ते वेगळंच. त्या मुलानं दोन्ही हात डोक्याला लावले, पंचांकडं एकदा पाहिलं आणि चेंडूमागं पळाला. सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडून आपण किती अपेक्षा करतो, आणि ते किती निमूट पेलतं! तीन दिवसांनी कोलकात्यात इंग्लंडनं ०-२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५-२ हरवलं. फिल फोडेन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ५२ सामन्यांत १८३ गोल झाले आणि साडेतेरा लाखांच्या आसपास लोकांनी स्टेडियममध्ये बसून सामने पाहिले. एवढे प्रेक्षक या स्पर्धेला त्याआधी कधीच लाभले नव्हते.

पाच वर्षांनी मुलींचा विश्वचषक आला. तो खरं तर २०२० मध्ये व्हायचा होता. कोविडमुळं आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला आणि २०२२ साल भारताला मिळालं. त्यातही ऑगस्टमध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातली. १६ ऑगस्टला बातमी आली, २६ तारखेला बंदी उठली. त्या मधल्या दिवसांत लोक मला विचारत, आता कशाला पाणी घालता? मी म्हणायचो, स्पर्धा झाली नाही तरी इथली पोरं आहेतच की. आम्ही एकही पाळी चुकवली नाही. ३० ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलवर स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० हरवून चषक जिंकला. भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेविरुद्ध ०-८, मोरोक्कोविरुद्ध ०-३, ब्राझीलविरुद्ध ०-५. मुलांपेक्षा मुलींना जागा कमी मिळते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कुठल्याही संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून मोजावं.

आता जे सांगायचं ते. विश्वचषकानंतर मी पुष्कळ मैदानांवर काम केलं आणि दोन प्रकारे मैदानं मरताना पाहिली. एका ठिकाणी स्पर्धेसाठी केलेलं सुंदर मैदान नंतर कुलूप लावून ठेवलं, खराब होऊ नये म्हणून. हरळीला खेळ लागतो. कापणी आणि वापर थांबला की खाली वाळक्या पात्यांची गादी साठते, पाणी मुळापर्यंत जात नाही, तण शिरतं. दीड वर्षात तिथं गुडघाभर रान झालं. फाटकावरची पाटी मात्र चकचकीत. दुसऱ्या ठिकाणी उलट. मैदान सगळ्या समारंभांना खुलं, फक्त पोरांना नाही. मांडवाखाली कापडी गालिचा तीन दिवस राहिला की खालचं गवत पिवळं पडून कुजतं. जड ट्रक आत येतात, वाळूचा थर दबतो, खालचे पाइप फुटतात. आणि मांडव उतरल्यावर खिळे मागं राहतात.

माझ्या धंद्यातला माणूस म्हणून एक कबूल केलंच पाहिजे: चांगलं गवत आठवड्याला पंधरा-वीस तासांपेक्षा जास्त खेळ सोसत नाही. म्हणून सगळ्या शहराची पोरं एकाच हिरव्या मैदानावर खेळवता येणार नाहीत. ते मैदान वेळापत्रक लावून द्यावं, शाळांना, मुलींच्या संघांना, वस्तीतल्या मुलांना ठरलेले वार द्यावेत. पण त्याच्या जोडीला मातीची साधी मैदानं लागतील, पुष्कळ लागतील. त्यांना परदेशी बियाणं नको, स्प्रिंकलर नको. वर्षातून एकदा रोलर फिरवावा, पावसाळ्याआधी पाण्याला उतार करून द्यावा, आणि एक माणूस कायमच्या पगारावर ठेवावा. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच गळतो. मैदान बांधायला निधी मिळतो, राखायला मिळत नाही.

हे वाचणाऱ्यांत पालिकेचे नगरसेवक असतील, शाळांचे मुख्याध्यापक असतील, सोसायट्यांचे आणि तालमींचे पदाधिकारी असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी मैदानावर मांडवाची परवानगी द्याल तेव्हा खिळे आणि काचा वेचून मैदान परत देण्याची अट लेखी घाला, अनामत रक्कम घ्या आणि स्वतः जाऊन बघितल्याशिवाय ती परत करू नका. चुंबकाची पट्टी कुठलाही वेल्डर एका दुपारी बनवून देतो. आणि पालक असाल तर आपल्या भागातलं मैदान रोज संध्याकाळी पाच ते सात मुलामुलींसाठी मोकळं राहावं, असा अर्ज शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.